चाचणीत कापलेली लायसन्सं

कंपनीतला लायसन्सवाला मेल्यानं फायदा कोणाचा, हे मावशीच्या सोबतीला आलेल्या पैलवानानं कचेरीच्या दारातच ठरवून टाकलं: धाकट्या भावाचा. घर दोघांच्या नावावर, भांडण जुनं, आणि प्रेत सापडलं तेव्हा पठ्ठ्याचे हात कोपरापर्यंत रक्तात.

"उचलायला गेलो होतो! दादा होता माझा!" भाऊ ओरडला. बाहेर पोलीस बेड्या घेऊन तयारच होते.

"मावशी, हाच," पैलवान कुजबुजला.

"तू दार सांभाळ," मावशी म्हणाली. खुनाचे गुंते सोडवणारी म्हणून मयताच्या बायकोनं तिला बोलावलं होतं ते दिराला वाचवायलाच.

खोलीत आग विझवायचा लाल सिलिंडर पडला होता. त्याला केस चिकटलेले. भिंतीवर थेट छतापर्यंत शिंतोडे. संगणकाच्या रक्ताळलेल्या पडद्यावर एक ओळ वाचता येत होती: 'फक्त चाचणी. बदल केलेला नाही.'

"नोकरी सोडून गेलेल्यांची सॉफ्टवेअर लायसन्सं त्याची नवी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, एका झटक्यात काढून घेणार होती," कंपनीची मालकीण म्हणाली. "पण तो आधी तालीम करायचा. काय कापलं जाईल ते नुसतं पडद्यावर दिसतं. काल पहिलीच तालीम होती, माझ्याशिवाय कुणाला पत्ता नव्हता. गंमत म्हणजे, गेलेल्यांपैकी काहींची खाती अजून रोज वापरात आहेत."

"भांडण कशावरून?" मावशीनं भावाला विचारलं.

"घराच्या गळक्या छपरावरून. तेच बोलायला इथं आलो होतो. त्याच्या कामातलं मला ओ की ठो कळत नाही."

मग आला नकाशे विभागाचा साहेब. "मी या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. देवमाणूस होता हो! काल माझ्या विभागाची निम्मी लायसन्सं कापली, तरी मी चकार शब्द काढला नाही."

"कापली कुठं?" मावशी गोड हसली. "सगळी चालू आहेत. कापली जाणार हे दिसलं फक्त या पडद्यावर, आणि ते वाचायला त्याच्या पाठीमागे उभं राहावं लागतं. गेलेल्यांच्या नावावरची लायसन्सं तू बाहेर भाड्यानं देत होतास. यादीत ती दिसली आणि सिलिंडर हाणलास. तालमीला खरा प्रयोग समजलास, साहेबा."

साहेबानं खिशातला कटर काढून तिच्या गळ्यावर झेप घेतली. पैलवानानं पातं तळहातावर झेललं आणि दुसऱ्या हातानं त्याचं मनगट दाराच्या चौकटीवर आपटलं. हाड काडकन मोडलं. साहेब गुरासारखा हंबरला.

बेड्या दुसऱ्याच हातांत पडल्या.

मोजायचंच तर साहेबाचं मनगट गेलं, पैलवानाचा तळहात, दिराचा भाऊ. आणि जिनं मावशीला बोलावून दिराला वाचवलं, तिच्या पदरात पडली नवऱ्याच्या डब्याची पिशवी. तिनं ती उघडली नाही.