शांत झालेली मेलाती

बोगोरच्या बागेत दर रविवारी घोरपडी पाळणारे जमत, आणि बहुतेक रविवारी पाऊस त्यांना पांगवी. त्या दिवशी रेंगानिस धावत बाक्सोच्या, म्हणजे मांसगोळ्यांच्या सुपाच्या, गाडीच्या ताडपत्रीखाली शिरली, तर शेजारच्या तरुणाच्या खांद्यावर लांबलचक घोरपड पसरलेली.

"भिऊ नका, तेह," तो हसला; तिथे अनोळखी तरुणीला आदराने तेह म्हणत, तरुणाला कांग. "मी गालिह, ही माझी मेलाती. आधी शेपटीनं झोडपायची, आता अगदी मांजर! सगळे म्हणतात, शेवटी माणसाळली."

रेंगानिस वाकून पाहू लागली... खोल गेलेले डोळे. शेपटीच्या मुळाशी वर आलेली हाडं. तोंड किंचित उघडं, नाकपुडीवर एक बारीक बुडबुडा.

"माणसाळली नाही, कांग. आजारी आहे."

"काहीतरीच! केवढी शांत आहे, बघा."

"म्हणूनच म्हणते. माझीही अशीच शांत झाली होती. मांडीवर निजायची... मला वाटलं, लळा लागला. मांडीवरच गेली."

गालिहने जॅकेट काढून मेलातीवर घातलं.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं भरली आहेत. जगेल की नाही, सांगता येत नाही. औषध, उबेसाठी दिवा, लपायला खोका... आणि उगाच हात लावायचा नाही. हे शेवटचं गालिहला फार जड गेलं. कामावरून सुटली की रेंगानिस त्याच्या घरी येई. दोघं दाराआडून पिंजऱ्याकडे पाहत कुजबुजत.

"तुमचा हात सारखा पुढे जातो, कांग. बांधून ठेवू का?"

"ठेवा ना. पण दोरीचं दुसरं टोक तुमच्या हाताला हवं."

यावर ती छत्रीचं टोक त्याच्या पावलावर टोची.

पुढे तिचं टोचणं थांबलं. येई, बसे, जे विचारावं त्याला "हो" म्हणे. आता आपली सवय झाली, असं वाटून गालिह मनातून सुखावला.

मग एका संध्याकाळी तो पाणी बदलायला गेला, तेव्हा मेलातीचा गळा फुगला, फूत्कार आला आणि शेपटी सपकन मनगटावर बसली.

"मारलं! तेह, मला मारलं तिनं!"

"छान," रेंगानिस म्हणाली.

एवढंच. पुढ्यातला चहा तसाच, गार. गालिहने तिच्याकडे नीट पाहिलं, आणि त्याचा आनंद विझला.

"काय झालंय?"

"सुकाबुमीहून मागणी आलीय. घरी मला विचारलं... मी गप्प राहिले. गप्प राहिलेल्या मुलीचा होकारच धरतात ना. आई सांगत सुटलीय, पोरगी किती शहाणी झाली."

गालिह मनगटावरचा वळ चोळत राहिला. "मेलातीबद्दल मीही तेच म्हणायचो. आणि इतके दिवस... तुमच्याबद्दलही. मला तुम्ही हव्या आहात. ते राहू द्या. पण अशा गप्प राहू नका."

"हे आत्ता सांगतोस?" तिचा आवाज एकदम चढला. "घोरपडीचं दुखणं मीच दाखवलं तुला, आणि मी दिसत नाही?" छत्री त्याच्या दंडावर बसली. जोरात. मग ती रडू लागली.

त्याने हात पुढे केला नाही. नुसता जवळ बसून राहिला.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. "लागलं?"

"खूप."

"लागू दे." बाहेर पाऊस कोसळतच होता. तिने छत्री उघडली. "चल, घरापर्यंत सोड मला. आवाज पुन्हा बसायच्या आत 'नाही' म्हणायचंय."