लेओकादियाची बाजू घेणारा

टोपी उडाली नसती, तर नूबियाने मागे वळूनसुद्धा पाहिलं नसतं. लाँचमधून उतरून ती सरळ धक्क्याच्या पायऱ्या चढली असती, सान हिलारिओ गावात हिंडली असती, आणि आली तशी गुपचूप बारांकियाला परतली असती. पण माग्दालेना नदीवरचं दुपारचं वारं कुणाचं ऐकत नाही. टोपी गेली, पाण्यावर बसली आणि बदकासारखी डुलत निघाली.

"टोपी तुमची आहे, की नदीला देऊन टाकलीत?"

नूबियाच्या अंगावर सर्रकन काटा आला. पँट वर दुमडून, गुडघाभर पाण्यात एक तरुण उभा होता. उन्हाने रापलेला, विस्कटलेल्या केसांचा, हातात तिची ठिबकणारी टोपी. पण ती त्याला पाहत नव्हतीच... ती ऐकत होती. खालच्या पट्टीतला, वाक्य संपता संपता हसणारा हा आवाज तिला पाठ होता.

"पाहुण्या मुक्या दिसतात," तो म्हणाला.

"माझीच आहे ती. द्या इकडे."

"देतो की. पण आधी सुकू तर द्या. तोवर कोरोसोच्या फळांचं सरबत प्या. कोपऱ्यावरचं दुकान माझंच. एवेलिओ म्हणतात मला."

हे नावही तिला ठाऊक होतं.

त्याचं असं झालं होतं. नूबिया आणि तिच्या मित्रमंडळींनी बारांकियात एक पॉडकास्ट चालवला होता — शंभर वर्षांपूर्वी याच सान हिलारिओत घडलेल्या एका खुनाचा, नाटकासारखा रंगवलेला. चांदीच्या तारकामाचा नामांकित कारागीर डॉन बाल्तासार ओस्पिनो लिंबाची मिठाई खाऊन मेला, आणि विष घातल्याचा आळ आला त्याच्या तरुण बायकोवर, लेओकादियावर. लेओकादियाचा आवाज नूबियाचा होता. श्रोत्यांचे निरोप कुठून कुठून येत. चिलीतल्या एका दंतवैद्याने कळवलं, भाग संपेपर्यंत रोगी यंत्र सुरूच करू देत नाही. कुणी संगीताची तारीफ करी, कुणी बाल्तासारच्या खोकल्याची.

आणि तिसऱ्या भागानंतर सान हिलारिओहून हा आवाज आला.

"ऐका, तुमच्या त्या ध्वनीवाल्या भल्या माणसाला सांगा, बाल्तासार मेल्यावर त्याची झुलती खुर्ची रिकामीच करकरत ठेवलीत ना, तसं आमच्याकडे करत नाहीत. रिकामी खुर्ची झुलली की घरातलं आणखी एक माणूस घेऊन जाते. माझ्या गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्या धडपडत उठल्या आणि आपापल्या खुर्च्या धरून उभ्या राहिल्या. पेत्रोनाआजीने तर माझा स्पीकरच कवटाळला. पुढच्या वेळी खुर्चीत कुणाला तरी बसवा. आणि हो... लेओकादियाने काही केलेलं नाही. असा आवाज खोटं बोलत नाही."

नूबिया पोट धरून हसली होती. मग तिने तो निरोप परत लावला. मग परत. पुढच्या प्रत्येक भागानंतर त्याचा निरोप येऊ लागला, आणि दर वेळी तो लेओकादियाच्या बाजूने भांडत असे — वकील भांडणार नाही असा. भाग ध्वनिमुद्रित करताना नूबियाला वाटायचं, आपण त्याच्याचसाठी बोलतोय.

शेवटचा भाग मुद्रित झाला होता, लोकांपर्यंत जायचा तेवढा राहिला होता. त्यात काय आहे ते तिला माहीत होतं. लेओकादियाने भर कोर्टात गुन्हा कबूल केला होता. हा भाग ऐकल्यावर तो आवाज त्याला नकोसा होईल, या विचाराने तिची झोप उडाली. त्याआधी एकदा त्याला पाहावं, एवढ्यासाठी ती आली होती. मित्रांना मात्र सांगून आली होती, नदीचा आवाज मुद्रित करायचाय. एवेलिओलाही तिने तेच सांगितलं.

"नदीचा?" तो सरबताचा पेला पुढे करत म्हणाला. "ती बडबडी आहे. भारी पडेल तुम्हाला."

"मीही काही कमी नाही."

"ते दिसतंच आहे. टोपी विसरलात मघाशीच."

ऊन उतरलं तशा गल्लीत खुर्च्या आल्या. घराघरातून झुलत्या खुर्च्या बाहेर पडल्या आणि एवेलिओच्या दुकानासमोर अर्धवर्तुळात लागल्या. मध्ये पिको उभा — माणसाहून उंच, निळ्या-पिवळ्या लाटा रंगवलेला स्पीकर. एरवी तो लग्नात लोकांना नाचवायचा. आता त्यातून गेल्या खेपेचा भाग पुन्हा चालू झाला, आणि नूबियाने आपला आवाज गल्लीभर पसरताना ऐकला. संथ, खोल, जुन्या वळणाचा. ती मान खाली घालून बसली. तिचा रोजचा आवाज बारीक आणि धावरा, ओळखणार कोण?

"बघा, हसते कशी," पेत्रोनाआजी म्हणाली. "नवरा अंथरुणात आणि हिला हसू येतंय. विष कालवतानाही हसली असेल."

"आजी, तुम्ही आजोबांना रोज शिव्या घालायचात," एवेलिओ म्हणाला. "ते कशाने गेले?"

"अजीर्णाने."

"कुणाच्या हातचं खाऊन?"

गल्ली खदखदून हसली. आजीने पंखा त्याच्या दंडावर हाणला. "मेल्या, त्या भुताच्या आवाजावर भाळलायस तू. म्हणून बायको मिळत नाही तुला."

एवेलिओ नूबियाकडे झुकला. "तुम्ही कुणाच्या बाजूने?"

"मी... अजून ठरवलं नाही."

"लवकर ठरवा. गल्लीत मी एकटा पडलोय."

"एकटं राहायची हौस दिसते तुम्हाला."

"हौस कसली? सोबत मिळत नाही."

बोलता बोलता त्याने तिच्या पेल्यावर आलेली माशी हाताने हाकलली. तेवढंच. पण नूबियाला त्यानंतरचा अर्धा भाग ऐकूच आला नाही. आणि तो तिचा स्वतःचा होता.

दुसऱ्या दिवशी तो तिला नदी ऐकवायला घेऊन गेला. ती यंत्र धरी, तो वल्हं थांबवून गप्प बसे, आणि दोघांनाही फार वेळ गप्प बसवत नसे. पाण्यावर आलेल्या आंब्याच्या फांद्यांखाली होडी लागली तेव्हा तिने उगाचच विचारलं, "ती दिसायला कशी असेल हो... ती आवाजवाली?"

"उंच," तो लगेच म्हणाला. उत्तर तयारच होतं. "शांत. हळू चालणारी. थोडं बोलून पुष्कळ सांगणारी."

नूबिया त्याच्या खांद्यापर्यंतही पोचत नव्हती. सकाळपासून ती एकदाही गप्प... आणि तिच्या तोंडात आत्ताही केळ्याचा तळलेला काप होता. तिला राग आला. आयुष्यात पहिल्यांदाच ती स्वतःवर जळत होती.

"आणि शेवटी ती दोषी निघाली तर?"

"तर पिको नदीत ढकलीन. आणि त्या आवाजाचं नाव काढणार नाही." तो हसत म्हणाला. तिला मात्र हसता आलं नाही. सांगून टाकावं असं ओठांवर आलं — आणि तिने केळ्याबरोबर गिळून टाकलं.

तिसऱ्या संध्याकाळी शेवटच्या भागाला गाव लोटलं. गल्ली पुरेना, तशा खुर्च्या चौकापर्यंत गेल्या. कुणी चीज कापत होतं, कुणी पोरांना दटावत होतं. न्यायाधीशाचा घोगरा आवाज घुमला तशी पंख्यांची फडफडसुद्धा थांबली.

"लेओकादिया ओस्पिनो, ती मिठाई तुम्ही केली होती?"

आणि वीज गेली.

सान हिलारिओत वीज गेली की फोनचा मनोराही मरतो. भाग जिथल्या तिथे अडकला. क्षणभर नुसता अंधार, आणि मग गल्लीने जो गलका केला तो नदीपलीकडे गेला असेल.

"फाशी झाली!" पेत्रोनाआजी ओरडली.

"सुटली," एवेलिओ म्हणाला. "मी सांगतो, सुटली. शेवट झाला, खुर्च्या उचला."

"तुला कोण विचारतंय? तू तर तिचा नवरा व्हायला बसलायस."

नूबिया अंधारात बसली होती. किती सोपं होतं... 'नाही, मी केली नव्हती' — त्या आवाजात एवढंच म्हणायचं. उद्या गाव काहीही ऐको, आजची संध्याकाळ तिची झाली असती. तो खूश झाला असता. पण या बाईबरोबर ती इतके महिने राहिली होती. त्या बाईच्या तोंडी खोटं घालायचं? तेही तिच्याच गल्लीत?

ती उभी राहिली. श्वास पोटात उतरू दिला.

"हो. मी केली होती."

गलका कापल्यासारखा थांबला.

"साखर मी घातली, लिंबू मी घातलं, आणि विषही मीच. त्याने चांदीच्या बांगड्या माझ्या हातांवरच तापवून सांधल्या होत्या, निघू नयेत म्हणून. संध्याकाळी मी ओरडायचे. तुम्ही सगळे दाराशी खुर्च्या टाकून बसलेले असायचात. तुम्हाला ऐकू यायचं, साहेब. ऐकू यायचं, म्हणून तर तुम्ही खुर्च्या आत न्यायचात. आज मी हळू बोलतेय, तर सारं गाव कान देऊन ऐकतंय."

पुढे शब्द नव्हते. कोर्टातही नव्हते.

मग पेत्रोनाआजी अंधारात नाक ओढत म्हणाली, "माझी आजी समोरच्याच घरात राहायची. ती कधी त्या दिवसांबद्दल बोलायची नाही." थोड्या वेळाने ती खाकरली. "एकदा कसली? मी असते तर दोनदा वाढली असती मिठाई."

कुणीतरी हसलं, कुणी डोळे पुसले, आणि गल्ली पुन्हा बोलू लागली... आता सगळी लेओकादियाच्या बाजूने. नूबिया चाचपडत पिकोच्या मागे गेली. तिथे कुणीतरी आधीच उभं होतं.

"तर तू आहेस," एवेलिओ म्हणाला.

"मी आहे."

"उंच नाहीस."

"नाही."

"शांत तर मुळीच नाहीस."

"माहीत आहे मला, सारखं काय सांगताय. रागावलात?"

"रागावलोय. परवापासून मी तुझ्यासमोर तुझंच कौतुक करतोय, आणि तू मजेत सरबत पितेस."

"मजेत? जळत होते मी. तुम्ही तिच्या प्रेमात, आणि मी..." ती अडखळली. "मी तुमचे निरोप ऐकून इथवर आले. नदीबिदी सगळं खोटं."

"मघाशी खोटं बोलता आलं असतं तुला," तो म्हणाला. "मला बरं वाटावं म्हणून."

"आलं असतं."

"मग?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, असा आवाज खोटं बोलत नाही."

त्याचा हात अंधारात तिच्या हाताला लागला. मागे नाही गेला.

तेवढ्यात दिवे आले. गल्लीने आनंदाने टाळ्या पिटल्या, आणि पिकोने घसा साफ करून, अडकला होता तिथूनच बोलायला सुरुवात केली. "हो. मी केली होती..." — संथ, खोल, ज्याच्यावर त्याने जीव टाकला होता तोच आवाज. पुन्हा ऐकायला सारी गल्ली पुढे सरसावली.

एवेलिओ वाकला आणि त्याने वायर उपटली.

"अरे मेल्या!" पेत्रोनाआजी उठलीच. "लाव ते!"

"उद्या लावतो, आजी. दहा वेळा लावतो. आत्ता मला हिचं ऐकायचंय." तो नूबियाकडे वळला. "हं. बोल. तुझ्या आवाजात."

आणि नूबिया बोलू लागली. बारीक, धावऱ्या आवाजात, शब्दांवर शब्द आदळत — त्याचा पहिला निरोप तिने किती वेळा लावला, लाँचमध्ये तीनदा परत फिरायचं कसं ठरवलं, टोपीचं, माशीचं, होडीत गिळलेल्या शब्दांचं. "...आणि तू अजून त्या उंच बाईलाच शोधत असशील तर सांग, मी सकाळच्या लाँचने जाते. नसशील, तर मी राहते. मला तू हवायस, झालं, सांगितलं."

"राहा," तो म्हणाला.

पिको गप्प होता. मागे खुर्च्या सरकवल्याचा आवाज झाला. सगळी गल्ली आपापली खुर्ची वळवून त्यांच्याकडे तोंड करून बसली होती.

"जरा मोठ्याने, पोरी," पेत्रोनाआजी म्हणाली. "इथे मागे काही ऐकू येत नाही."