एकशे दहाचा काटा

अर्विंग या अमेरिकन शहरातल्या हार्डवेअरच्या दुकानात आश्लेषा तिसऱ्यांदा वॉशर घ्यायला आली होती आणि गळक्या नळाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. अस्सल मराठीत!

"वॉशरचा दोष नाही त्यात," मागून आवाज आला. "घरात पाण्याचं प्रेशर जास्त असणार."

तिनं वळून पाहिलं... विस्कटलेले केस, ओठांच्या कोपऱ्यात हसू. नाव सौमित्र. राहायला दोन गल्ल्या पलीकडे.

"जास्त प्रेशर? हा काय दोष झाला?"

सोलापूरला चौथ्या मजल्यावर वाढलेली पोर ती! तिकडे करंगळीएवढी धार आली तरी आई "पाणी आलं गं!" म्हणून ओरडायची. या घराचा शॉवर धो-धो कोसळताना पाहिला आणि तिनं घर घेऊनच टाकलं.

शनिवारी सौमित्रनं अंगणातल्या नळाला प्रेशर मोजायचा गेज लावला. काटा एकशे दहावर!

"साठच्या आसपास हवा. प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह बसवून देतो. माझ्या वॉशिंग मशीनचा पाइप असाच फुटला. किचनमध्ये पोहलोय मी."

"पोहा हो खुशाल. माझा शॉवर मी कमी करणार नाही."

"बरं. चहा तरी?"

मग दर शनिवारी तो 'काटा बघायला' यायचा. काटा तिथंच असायचा. आश्लेषा मात्र सकाळपासून दाराकडे बघत बसायची, आणि त्याबद्दल स्वतःवरच चिडायची.

एका शनिवारी सौमित्र चहा घेत बसला होता, ती भांडी विसळत होती, तेवढ्यात फोन आला. स्पीकरवर आई.

"त्या डॉक्टर मुलाला रविवारी होकार कळवतेय हं. किती दिवस टाळशील?"

"आई, नको म्हटलं ना!" तिनं फोन कट केला, नळ फाडकन बंद केला. भिंतीतले पाइप धाडकन वाजले.

सौमित्र हळूच म्हणाला, "एवढ्या प्रेशरखाली नळ झटक्यात बंद केला, की असंच होतं. किती सोसायचं त्यांनी?"

तो पाइपांबद्दलच बोलत होता... तरी तिला रडू फुटलं.

"कर कमी," ती नाक पुसत म्हणाली. "तो व्हॉल्व्ह बसव."

दुपारपर्यंत काटा साठवर आला. नळ गळायचा थांबला. शॉवरखाली तिनं हात धरला. पाणी भरपूर होतं, नुसतं टोचत नव्हतं.

तिनं तडक आईला फोन लावला. "डॉक्टरला नकार कळव."

"अगं, पण का?"

"मला दुसरा आवडतो. त्याला मीच विचारणार आहे. तो नाही म्हणाला, तरी डॉक्टरला नाहीच!"

फोन ठेवून ती वळली. सौमित्रच्या हातातला पाना हवेतच होता.

"तू आवडतोस मला," ती म्हणाली. मान ताठ. "बोल."

"विचार करायला... किती वेळ आहे?"

"हवा तेवढा घे. या घरात आता कुणावरच प्रेशर नाही."

त्यानं पाना खाली ठेवला.

"मग हो."