बुधवारचं रिकामं विमान

बुधवार उजाडला की मोठ्या ताई नेहमीसारखा अंबाडा घालायच्या, गणवेशाला इस्त्री करायच्या आणि एकही प्रवासी नसलेल्या विमानात प्रवाशांची काळजी घ्यायला निघायच्या. शेजारच्या बाईंनी एकदा जिन्यात अडवून विचारलंही, "अहो, सरहद्द बंद आहे ना? मग नेता तरी कुणाला?"

"हवा नेतो," ताई म्हणाल्या. "आणि हवाच परत आणतो."

थट्टेत म्हटलं खरं, पण प्रकार तसाच होता. साथ आली, देशोदेशींनी दारं लावून घेतली आणि कंपनीची झाडून सगळी विमानं तळावर रांगेनं उभी राहिली. कंपनी आज बुडते की उद्या असं चाललेलं असताना सरकारनं हात दिला. पैसा दिला, पण अट घातली. जेवढे मार्ग आहेत तेवढे चालू ठेवायचे, प्रत्येक मार्गावर आठवड्याला निदान एक फेरी करायची, आणि तीही साग्रसंगीत. एका खात्यानं सांगितलं विमान उडवा, दुसऱ्या खात्यानं बजावलं माणूस नेऊ नका. या दोन खात्यांची आपसांत गाठ पडेपर्यंत ताई दर बुधवारी एकशे ऐंशी रिकाम्या खुर्च्या शेजारच्या देशात नेऊन परत आणणार होत्या.

जोडीला होते मास्तर. पूर्वी शाळेत शिकवायचे म्हणून मास्तर. देह असा की मधल्या वाटेतून आडवं होऊन जावं लागायचं, आणि मन सशाचं. विमान हलायच्या आधी ते रिकाम्या खुर्च्यांसमोर उभे राहून पट्टा कसा लावायचा, संकटकाळी दार कुठलं, हे हातवारे करून दाखवायचे.

"मास्तर, प्राणवायूचा मुखवटा खाल्लात."

"कुणाला दाखवू ताई? समोर चिटपाखरू नाही."

"खुर्च्यांना दाखवा. कागदावर सही मला करायची आहे."

मास्तर सुस्कारा सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. ताई हसायच्या. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी भल्याभल्यांना वठणीवर आणलं होतं, आणि हसण्यानं माणसाचं पोटातलं पोटात राहतं हेही त्या शिकल्या होत्या. कारण त्यांचा जीव पलीकडे अडकला होता.

ताईंचे बाबा पलीकडे होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, आयुष्यभर शिंपीकाम केलेले, काडीसारखे. बहिणीकडे पंधरा दिवसांसाठी गेले होते, तेही मनाविरुद्ध. "फुकटचं तिकीट वाया जातंय हो, या की जाऊन," असं म्हणून ताईंनीच त्यांच्या मागे लकडा लावला होता. ते पोचले आणि तिसऱ्या दिवशी सरहद्द बंद झाली. दोन महिन्यांनी आत्याचा फोन आला. ताप चढला, इस्पितळात नेलंय, मलाही घरात कोंडून ठेवलंय. त्यानंतर बाबांचा फोन नुसता वाजत राहायचा, आणि नवव्या दिवशी तो वाजायचाही थांबला.

दर बुधवारी तासभर ताई त्याच शहरात असायच्या. विमानाच्या उघड्या दारातून लांबवर इमारती दिसायच्या, आणि त्यांतलीच कुठलीतरी एक इस्पितळाची होती. पण शिडीच्या पहिल्या पायरीवरसुद्धा पाऊल ठेवायची मुभा नव्हती. नखशिखांत पांढऱ्या पोशाखातली एक बाई शिडी चढून यायची, हात लांब करून कागद द्यायची आणि म्हणायची, "परतीचे प्रवासी, शून्य." ताई सही करायच्या. दार लागायचं.

चौथ्या बुधवारी परतताना कॅप्टननी इंटरकॉमवर विचारलं, "मागे सगळं ठीक आहे ना?"

"मागे आहे कोण बिघडायला? का हो?"

कॅप्टन म्हणाले, "काही नाही. रिकामं विमान पाखरासारखं उठतं. आज जरा... आज माणसं असल्यासारखं उठलं."

वारा असेल, म्हणून ताईंनी तो विषय सोडून दिला. उतरल्यावर रिवाजाप्रमाणे त्या एक फेरी मारायला निघाल्या. निघताना प्रत्येक खुर्चीवर पट्ट्याची दोन टोकं फुलीसारखी टाकून ठेवायची, ही त्यांची शिस्त. चौदाव्या रांगेशी त्या थबकल्या. खिडकीजवळच्या खुर्चीचा पट्टा लावलेला होता. रिकाम्या खुर्चीवर, बक्कल नीट बसवून, आणि सपाट नाही तर मध्ये कुणीतरी बसलं असावं तसा वर उचललेला. अशा चार खुर्च्या सापडल्या.

"मास्तर, हे चाळे तुमचे का?"

मास्तरांनी पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. एवढं खोटं त्यांना जमलंच नसतं.

पुढच्या बुधवारी परतीला निघण्याआधी ताईंनी एकूण एक पट्टा स्वतः फुली करून ठेवला आणि त्या पुढच्या दाराशी मास्तरांजवळ येऊन बसल्या. भर दुपारची वेळ होती. गोल कोपऱ्यांच्या खिडक्यांतून उन्हाचे तुकडे खुर्च्यांवर पडले होते. विमान वळलं तसे ते तुकडे सावकाश एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकले आणि मग मागे कुठेतरी आवाज झाला.

खट्.

पट्ट्याचं बक्कल लागल्याचा तो आवाज विमानात काम करणाऱ्या माणसाला झोपेतही ओळखू येतो. थोड्या वेळानं दुसरा. मग जरा पुढच्या रांगेत तिसरा. कुणाला घाई नव्हती. केबिनमधली हवा हळूहळू कोमट झाली, गर्दीच्या गाडीत होते तशी, आणि तिला वास आला. धुऊन वाळवलेल्या सुती कपड्यांचा, खोकल्याच्या औषधाचा, खूप दिवस अंथरुणात काढलेल्या अंगाचा. मास्तरांनी ताईंचा हात घट्ट धरला. एरवी ताईंनी तो झटकला असता.

"ताई... मोजताय?"

"नऊ," ताई म्हणाल्या.

त्या आठवड्यात दोघंही या कानाचं त्या कानाला कळू न देता राहिले. सांगणार कुणाला, आणि सांगितलं तर नोकरी राहील का? पण पुढच्या बुधवारी पांढऱ्या पोशाखातली बाई कागद घेऊन दारात आली, तेव्हा मास्तरांनीच सगळं धैर्य गोळा करून विचारलं, "बाई, आमच्याकडची जी माणसं इथे अडकलीत... त्यांच्यातलं कुणी दगावतं का हो?"

बाईंचे फक्त डोळे दिसत होते. त्यांनी मागे वळून शिडीखाली पाहिलं, मग हळू आवाजात म्हणाल्या, "माझी बहीण त्याच इस्पितळात आहे, वॉर्डात. आधीच्या आठवड्यात नऊ गेले, या आठवड्यात अकरा. पाठवता येत नाही कुणाला, इथेच उरकावं लागतं. बहीण म्हणते, शेवटी शेवटी सगळे एकच विचारतात. विमान कधी आहे?"

"मग? काय सांगता त्यांना?"

"सांगतो, बुधवारी आहे."

ताईंनी कागदाच्या पाठीवर बाबांचं नाव आणि वय लिहिलं, आणि बाईंच्या हातात दिलं. "एवढं बहिणीला विचाराल? नऊ... नाही, सोळा दिवस झाले, फोन लागत नाही. आहेत की..." बाई कागद घेऊन खाली उतरल्या आणि दार लागलं.

त्या परतीच्या प्रवासात ताईंनी खट् खट् मोजले. अकरा झाल्यावर त्या उठल्या. मास्तर "नको, नको" म्हणत असताना पडदा सारून मधल्या वाटेनं चालू लागल्या. उतरल्यावर नुसते पट्टे पाहणं वेगळं. आता ती माणसं, जी काही होती ती, बसलेली होती. एक पट्टा सैल करून करून अगदी शेवटपर्यंत नेलेला होता, कुणी लठ्ठ माणूस असावा. एकाला नुसतीच ढिली गाठ मारलेली, बक्कल लावता न आलेल्या हातांनी मारावी तशी. ताई एकेका रांगेशी थांबत होत्या, पट्टे निरखत होत्या.

विसाव्या रांगेत तो पट्टा होता. आवळून आवळून एवढासा केलेला. एखाद्या काडीसारख्या म्हाताऱ्याच्या अंगाचा.

ताई समोरच्या खुर्चीच्या हातावर बसल्या. "बाबा?" त्या म्हणाल्या. विमानाच्या घरघरीखेरीज काही ऐकू आलं नाही. मग त्यांनी नीट पाहिलं. पट्ट्याचं उरलेलं लांब टोक खुर्चीवरून खाली लोंबत होतं. बाबांना लोंबतं टोक कधी सहन झालं नाही. गाडीत असो, विमानात असो, ते पट्टा लावायचे आणि उरलेल्या टोकाची चापून घडी घालून ती आत खोचायचे. हात थरथरत असले तरी खोचायचे.

हे बाबा नव्हते. ताईंचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच त्यांना स्वतःची लाज वाटली. आपला नाही म्हणून सुटलो म्हणायचं, पण हाही कुणाचातरी बाप होताच की. बुधवारी विमान आहे म्हणून कुणीतरी सांगितलं आणि तो बिचारा विश्वास ठेवून येऊन बसला होता.

त्यांनी ते लोंबतं टोक उचललं, घडी घालून खोचलं. मग उभ्या राहिल्या, खाण्यापिण्याच्या ढकलगाडीपाशी गेल्या आणि सव्वीस वर्षांच्या सवयीच्या आवाजात हाक मारली, "मास्तर! पाणी द्यायचंय. उठा."

"कुणाला?"

"प्रवाशांना!"

मास्तर थरथरत उठले. पण तिसऱ्या पेल्यापर्यंत त्यांची थरथर थांबली आणि सातव्या पेल्याला ते "उशी आणू का हो?" असंही विचारत होते. ताईंना त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली नाही. उतरताना त्यांनी घोषणाही केली, नेहमीचीच, की आपण आपल्या देशात पोचलो आहोत. मागच्या रांगांतून एक लांब सुस्कारा आल्यासारखा वाटला.

पुढच्या बुधवारी दोन खात्यांची गाठ पडली असावी. सरहद्द फटीएवढी उघडली होती. बऱ्या झालेल्या माणसांना घरी नेता येणार होतं, पण ही बातमी विमान पलीकडे उतरेपर्यंत ताईंना कुणी दिली नव्हती. दार उघडलं. पांढऱ्या पोशाखातल्या बाई दारात उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे हसत होते.

"आज शून्य नाही," त्या म्हणाल्या. "सहा आहेत. तुमचे बाबा सर्वांत शेवटी. वॉर्ड बदलला आणि फोन जुन्या वॉर्डातच राहिला. आज सकाळी सापडले."

दोघांनी धरून चढवलेले बाबा शिडीच्या शेवटच्या पायरीवर आले, निम्मे झालेले, पण स्वतःच्या पायांवर. ताईंनी सगळे नियम धाब्यावर बसवून त्यांना मिठी मारली. "मीच पाठवलं हो तुम्हाला, मीच," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

"बरं, बरं. तिकीट फुकट होतं ना," बाबा म्हणाले. मग त्यांनी ताईंच्या खांद्यावरून आत पाहिलं, आणि ते दारातच थांबले. "अगं... एवढी गर्दी?"

ताईंनी मागे वळून पाहिलं. आधी चढलेली पाच माणसं लांब लांब बसली होती. बाकी सगळ्या खुर्च्या मोकळ्या होत्या.

"कुठेही बसा, बाबा. रिकामंच आहे."

"रिकामं? डोळे फुटले का तुझे?" आणि मग एकदम आवाज खाली आणून, "एक खुर्ची मोकळी नाही..."

बुधवारच्या विमानाची बातमी दुसऱ्या इस्पितळांत, दुसऱ्या गावांतही पोचली असणार. ताईंच्या मानेवर काटा आला. बाबा मात्र दुसऱ्या रांगेकडे पाहून संकोचानं हात हलवत होते. "अहो, नको, असू दे. तुम्ही बसा..." मग अवघडून त्या खुर्चीत बसले. "त्या म्हाताऱ्या बाई उठल्या बघ माझ्यासाठी. वॉर्डात समोरच्या खाटेवर होत्या. काल रात्रीपासून दिसल्या नाहीत, मला वाटलं घरी सोडलं. घरी आपलं म्हणायला कुणी नाही म्हणत होत्या. त्यांना बसव कुठेतरी, उभ्या राहतील बिचाऱ्या."

आज प्रवासी होते, म्हणून मास्तर मागच्या दाराशी बसले. पुढच्या दाराशी ताईंच्या शेजारची कर्मचाऱ्यांची खुर्ची मोकळी होती. ती स्प्रिंगची असते. हातानं खाली दाबावी लागते आणि वरचं वजन उठलं की आपोआप भिंतीला जाऊन चिकटते. ताईंनी ती खाली दाबली, म्हणाल्या, "बसा आजी," आणि हात काढून घेतला.

खुर्ची खालीच राहिली.

विमानानं संपूर्ण धावपट्टी संपवली आणि मग कुठे ते जड अंगानं उठलं. कॅप्टननी काही विचारलं नाही. वाटभर ती खुर्ची तशीच खाली होती. ताईंनी आपला गुडघा तेवढा आवरून घेतला.

आपल्या तळावर दार उघडलं. पाच जण उतरले, त्यांच्यानंतर बराच वेळ मधल्या वाटेतून कोमट वारा दारातून बाहेर जात राहिला, आणि मग केबिन गार पडली. मास्तर बाबांना धरून गाडीकडे घेऊन गेले. ताई पिशवी उचलायला वळल्या, तर शेजारची खुर्ची अजून खालीच. बाकी सगळ्यांना जायला घर होतं.

ताईंनी पिशवी खांद्याला लावली. आपण काय बोलतोय ते त्यांना पुरतं कळत होतं.

"चला आजी," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी जागा आहे."

खुर्ची खाडकन मिटली.

खाली कंपनीची गाडी उभी होती. बाबा मागच्या बाकावर मधोमध बसले होते. ताईंनी दार उघडलं, तसं त्यांनी ताईंच्या मागे पाहिलं, ओळखीचं हसले आणि दोघींना जागा व्हावी म्हणून खिडकीकडे सरकले.