बंदरातला बाथटब

"चोरी! चोरी झाली!" फेलादी ओरडतच डोंगर उतरली. "आपला बाथटब कुणीतरी पळवला!"

त्शिआमोच्या हातातलं पिठाचं गरमागरम तळलेलं मगविन्या तोंडापाशीच थांबलं. तो तिचा मावसभाऊ, सुट्टीत जोहान्सबर्गहून आलेला. "डोंगरावर बाथटब? तिथे आंघोळ कोण करतं?"

"गायी पाणी पितात त्यात, शहाण्या! सोली मामाने आणून ठेवलेला. आता बिचाऱ्या दगड चाटतायत!"

"मग मामाला सांगा की," फेलादीचा धाकटा भाऊ लेसिबा म्हणाला. तेवढ्यात त्याने त्शिआमोचं मगविन्या अर्धं खाऊनही टाकलं होतं!

पण मामाला वेळ होता कुठे! मामा दुकानासमोर नवीकोरी टोपी घालून ऐटीत उभा. टोपीवर लिहिलेलं, 'मुख्य गाईड'. शेजारी शहरातून आलेले स्वानवेल्डर साहेब. त्यांच्या हातात दाराएवढा फोटो, आणि समोर सगळं गाव.

"मंडळी, हा तुमचा डोंगर! उपग्रहाने आकाशातून टिपलेला!" साहेबांनी काठी फिरवली. "ही दगडी वर्तुळं म्हणजे गोदी. दोन भिंतींमधला हा लांब पट्टा म्हणजे कालवा. हजारो वर्षांपूर्वी बॅबिलोनची, सिंधूकाठची, चीनची जहाजं इथे सोनं न्यायला यायची! आणि मधोमध हे पांढरं चमकतंय ना? तो सूर्यदेवतेचा चौथरा! शनिवारी गावच्या प्रमुखांनी होकार दिला, की डोंगराला कुंपण, फाटक, तिकीट!"

"पण साहेब," फेलादीने हात वर केला, "समुद्र तर इथून दिवसभराच्या वाटेवर आहे."

"तेव्हा तो इथपर्यंत होता!"

"आणि हा कालवा तर चढावर जातो. पाणी चढ चढतं?"

"प्राचीन तंत्रज्ञान, बाळ!"

"तुम्ही वर जाऊन बघितलंत?"

"माझे गुडघे दुखतात. म्हणून तर उपग्रह आहे!"

"मग जहाजं यायची तेव्हा आमचे पूर्वज काय करत होते?"

"ते... हमाली करत असतील."

मामा एकटाच हसला. कुणीच साथ देईना, तेव्हा तो टोपी सारखी करू लागला.

घरी आजोबा पुटपुटले, "डोंगर बंद झाला तर गुरं चारायची कुठे? विकावी लागतील. सगळी." फेफोकडे मात्र त्यांनी बघायचं टाळलं. फेफो म्हणजे फेलादीची कालवड. फेलादी पहिल्यांदा एकटीने गुरं घरी घेऊन आली, तेव्हा आजोबांनीच तिला दिलेली.

फेलादी परसात जाऊन फेफोच्या मानेला बिलगून बसली.

त्शिआमो मोबाईलवर टिपून घेतलेला तोच फोटो मोठा करून बघत होता. अचानक तो किंचाळला, "फेलादी! हा चौथरा एका बाजूने गोल का आहे? आणि भोवती हे तपकिरी ठिपके कसले?"

"पुजारी असतील," लेसिबा म्हणाला.

"सगळे पुजारी आडवे?"

फेलादी ताडकन उठली. "अरे, त्या गायी आहेत! आणि तो चौथरा म्हणजे आपला बाथटब!"

तिघेही डोंगरावर पळाले. गवतात काहीतरी ओढत नेल्याच्या खुणा होत्या. त्या थेट काटेरी झुडपात शिरत होत्या. तिथे वाघाच्या चित्राचं जांभळं ब्लँकेट, आणि त्याखाली बाथटब!

"हे तर मामाचं ब्लँकेट!" लेसिबाचे डोळे विस्फारले.

"म्हणजे मामाला सगळं ठाऊक आहे! आत्ताच जाऊन सांगूया," त्शिआमो म्हणाला.

"नको. आपण सांगितलं तर 'पोरं काहीही बोलतात' म्हणतील," फेलादी म्हणाली. "गायींना सांगू दे!"

शनिवारी पहाटे तिघांनी बाथटब डोक्यावर उलटा घेतला. सहा पायांचं कासव निघालं! मग तो जुन्या जागी, वर्तुळांच्या मधोमध ठेवून, झऱ्यावरची नळी लावून काठोकाठ भरला. लेसिबा भिंतीआड लपला. त्शिआमो आणि फेलादी गुरं घेऊन वरच्या कुरणात गेले.

उन्हं वर आल्यावर प्रमुख आले, गाव आलं. मामाच्या खांद्यावर रेलत, धापा टाकत साहेबही आले. पण मधोमध नजर जाताच मामाने टोपी डोळ्यांवर ओढली! साहेब तिकडे पाठ करून सुरू झाले.

"कल्पना करा मंडळी! या कालव्यातून एकामागून एक जहाजं येतायत..."

वरून फेलादीचा खणखणीत आवाज आला. गुरांना कवन म्हणून बोलवायची गावाची जुनी रीत.

"वाऱ्याची लेक गं फेफो! धुक्याची शिंगं गं फेफो! चल गं घराला!"

धड् धड् धड्! दोन भिंतींमधल्या पट्ट्यातून एकामागून एक आल्या गायी! सगळ्यात पुढे फेफो.

"थांबवा! प्राचीन वारसा आहे हा!" साहेब मागे सरकले. आणखी सरकले. आणि...

धप्पाक्!

साहेब थेट बाथटबात! दोन पाय तेवढे वर. फेफोने शांतपणे त्यांच्या बाजूलाच तोंड घालून पाणी प्यायला सुरुवात केली.

"जहाज बुडालं!" लेसिबा भिंतीमागून ओरडला.

हसून हसून प्रमुखांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यांनी मामाकडे वळून विचारलं, "सोली, हा टब कुणाचा रे?"

मामाने टोपी काढली. "माझाच. फोटोत बघितल्याबरोबर ओळखला मी, म्हणून तर लपवला. पण काय करू, टोपी फारच छान होती हो!"

"अहो, पण ही वर्तुळं तरी..." टबातून आवाज आला.

"गोठे आहेत आमचे!" प्रमुख म्हणाले. "आणि गुरं पिकात शिरू नयेत म्हणून वाटेला दोन्हीकडून भिंती. माझी आजी याच वाटेने गुरं आणायची. व्यापार आमच्या पूर्वजांनीही केला, साहेब. समुद्राकडचे काचेचे मणी इथवर यायचे. पण हे दगड त्यांनी स्वतःच्या हातांनी रचले, स्वतःच्या गुरांसाठी. हमाली नाही केली कुणाची! डोंगर गुरांचाच राहील."

आजोबांनी फेलादीचा खांदा घट्ट दाबला. या वेळी मात्र त्यांनी फेफोकडे मनसोक्त बघून घेतलं.

"शाबास रे पोरांनो! उपग्रहवाल्या साहेबांना जे दिसलं नाही ते तुम्हाला दिसलं," प्रमुख म्हणाले. "फेलादी, तुझ्या गायीच्या कवनात माझी एक ओळ घाल. 'बंदर बुडवणारी गं फेफो!'"

फेलादीने तिथल्या तिथे ती ओळ ठणकावून म्हटली. फेफोने मान वर केली. तिच्या तोंडात काहीतरी होतं.

"माझी टोपी!" मामा ओरडला.

पण तोवर 'मुख्य' पोटात गेलं होतं. नुसतं 'गाईड' उरलं होतं.