तुमचीच आहे

चष्मा आणि राग, दोन्ही तिच्या नाकाच्या शेंड्यावर, असं दुकानातले सगळे म्हणायचे. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत ती मशीनवर भिंगं घासायची, फ्रेममध्ये बसवायची, आणि एखादं भिंग केसभर जरी तिरकं बसलं तरी प्रत्यक्ष मालकालाही सुनवायची. तिला सगळे भिंगवाली म्हणत, तोंडावरही आणि मागेही. तिची त्याला काही हरकत नव्हती.

रागाला कारणंही तशीच होती. मूल दत्तक घ्यायचं ठरल्यापासून तिच्या घराची धर्मशाळा झाली होती. संस्थेच्या मॅडम केव्हाही येत, कपाटं उघडून पाहत, खिडक्यांचे गज ओढून पाहत. "तुमचं दोघांचं भांडण झालं तर आधी कोण बोलतं?" असले प्रश्न विचारत. ज्यांना मुलं आपोआप होतात त्यांच्या खिडक्यांचे गज कोण ओढून पाहतं, असं भिंगवालीच्या अगदी ओठांवर यायचं. "तुम्हाला राग येतो का हो?" मॅडमनी एकदा विचारलं. "छे," ती दातओठ खात म्हणाली. नवऱ्याला हसू आवरेना, म्हणून तो पाणी आणायच्या निमित्ताने आत पळाला.

सासूबाईंची तऱ्हा वेगळीच. "इथलं नाही का मिळालं एखादं? परक्या देशातलं कशाला? त्याची भाषा आपल्याला यायची नाही, आपली त्याला." इथे दोघांचं वय आडवं आलं होतं, हे त्यांना शंभरदा सांगून झालं होतं. "आणि शेवटी स्वतःचं ते..." असं म्हणून त्या वाक्य अर्ध्यावर सोडून देत. ते अर्धं वाक्य भिंगवालीला पुऱ्या वाक्यापेक्षा जास्त झोंबायचं. तिला फार काही नको होतं. कोणीतरी घरातल्या घरात, काम असो नसो, आई म्हणून हाक मारावी, एवढंच. तेवढ्यासाठी ती असल्या सगळ्या माणसांचं ऐकून घेत होती, आणि प्रत्येक वेळी आतल्या आत जळत होती.

तिकडची भाषा शिकायला त्यांनी एक मास्तर गाठले. मास्तर मूळचे त्याच देशातले, पण सगळी हयात इकडे गेलेली. मराठीत शिवी घालतानासुद्धा चुकायचे नाहीत. "तिकडून निघताना 'येतो' म्हणू नका," त्यांनी बजावलं होतं. "तुम्ही लोक जाताना येतो म्हणता. तिकडे म्हणालात तर बिचारे दार उघडं टाकून वाट पाहत बसतील." त्यावर तिघंही पोट धरून हसले होते.

तिकडच्या बालगृहाची खोली लांबलचक होती. लोखंडी खाटांची रांग, भिंतीवरून गेलेले गरम पाण्याचे जाड पाइप, आणि पाइपांवर वाळत टाकलेल्या लोकरी मोज्यांचा कुबट वास. दुभाष्या सह्यांसाठी ऑफिसात गेला होता. नवरा खाली उकिडवा बसून पोरीच्या बुटाची नाडी बांधायच्या खटपटीत होता. पोरगी चार वर्षांची, नाक बटणाएवढं, म्हणून त्याने तिला तिथल्या तिथे बटण म्हणायला सुरुवातही केली होती.

खाटेशेजारच्या स्टुलावर एक म्हातारी बसली होती. करडा स्वेटर, हातात लोकरीचा गुंडा. भिंगवालीची नजर सवयीने आधी तिच्या चष्म्याकडे गेली. समोर एवढी मोठी खिडकी होती, पण भिंगांवर खिडकीचं प्रतिबिंब दिसत नव्हतं. तिला ते खटकलं, पण तेवढ्यात म्हातारीने बटणच्या केसांवरून हात फिरवला आणि काहीतरी म्हणाली. त्यातला "सुंदर" एवढाच शब्द भिंगवालीला कळला. तिच्या मुलीचं कौतुक असं पहिल्यांदाच कोणी केलं होतं. अशा वेळी आपण जे म्हणतो तेच ती म्हणाली, फक्त त्या भाषेत, शब्दाला शब्द जुळवून. तुमचीच आहे हो. या कधीही, आपलंच घर आहे.

म्हातारीचे हात थांबले. तिने एकच शब्द विचारला. "खरंच?" असा असावा. भिंगवालीने छातीवर हात ठेवला आणि भरल्या डोळ्यांनी मान डोलावली.

घरी आल्यावर बटण रडली नाही, तिने कसला हट्ट केला नाही. काही हवं असलं की ती भिंगवालीची बाही ओढायची. "आई म्हण," भिंगवाली म्हणायची. "आ-ई." बटण तिच्या तोंडाकडे बघायची आणि पुन्हा बाही ओढायची.

"धीर धर गं जरा," नवरा म्हणाला.

"धीरच धरत आलेय," ती खेकसली. "लग्न झाल्यापासून दुसरं काय धरलंय मी?"

मग एका सकाळी बटण वेण्या घालून नाश्त्याला आली. डोक्याला घट्ट चिकटलेल्या बारीक बारीक वेण्या, मानेपाशी एकीत एक गुंफलेल्या.

"झकास घातल्यास," नवरा म्हणाला.

"मी? मला वाटलं तू घातल्यास."

"मला बुटाची नाडी बांधता येत नाही, वेणी कुठली घालू?"

दोघांनी बटणकडे पाहिलं. ती मान खाली घालून दूध पीत होती.

त्यानंतर एकेक सुरू झालं. खिडकीजवळच्या खुर्चीतली उशी दबलेली असायची, आणि हात लावला तर कोमट. "ऊन येत असेल," नवरा म्हणाला. त्या खिडकीत ऊन येत नाही, हे भिंगवालीला पक्कं ठाऊक होतं. उजेडावर तर तिचं पोट होतं. बोळात ओल्या लोकरीचा वास यायचा. तिचा नेहमीचा कप दिसेना, तो पाहुण्यांच्या कपांत, काचेच्या कपाटात सापडला. आणि रोज दुकानातून येऊन ती चपला काढायची तशा त्या राहायच्या नाहीत. थोड्या वेळाने पाहावं तर नीट जोडून, टोकं दाराबाहेर करून ठेवलेल्या.

तिने सासूबाईंना फोन लावून चांगलंच फैलावर घेतलं. "माझ्या घरातल्या वस्तू कोणी हलवल्या तर मला चालत नाही, सांगून ठेवते."

"मी महिन्याभरात तुमच्याकडे पाऊल ठेवलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "तूच म्हणाली होतीस ना, येऊ नका म्हणून?"

ते खरं होतं. भिंगवालीने फोन आदळला.

शनिवारी जिन्यात शेजारीण भेटली. "तुमच्याकडे त्या करड्या स्वेटरवाल्या आजी आल्यात ना, फार मायेच्या आहेत हो," ती म्हणाली. "गॅलरीत बसून लेकीला शिकवत होत्या. काय स्वच्छ म्हणायला लागलीय आता! आई, आई, आई."

"कोणाला?"

"कोणाला म्हणजे? त्यांनाच."

भिंगवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती धाडधाड जिना चढून वर आली आणि तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. स्टूल, लोकर, म्हातारी, आपण काय म्हणालो ते.

"कोण म्हातारी?" नवरा म्हणाला. "तिथे कोणी नव्हतं. तू रिकाम्या स्टुलाशी बोलत होतीस. मला वाटलं, सराव करतेयस."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तू रडत होतीस. मी कशाला मध्ये बोलू?"

मास्तर आधी हसले. मग तिने ते वाक्य त्यांच्या भाषेत जसंच्या तसं म्हणून दाखवलं, तेव्हा हसायचे थांबले. "आमच्यात हे असं उगाच नाही म्हणत. म्हटलं की दिलं," ते म्हणाले.

"आम्ही उगाचच म्हणतो!" भिंगवाली कडाडली. "रोज म्हणतो! कोणी साडीला छान म्हटलं तरी म्हणतो, तुमचीच आहे. म्हणून कोणी अंगावरची ओढून नेतं का?"

"तिने पुन्हा विचारलं होतं ना?"

"हो."

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"मग परत घ्यायला काय म्हणायचं? मला शब्द सांगा, मी पाठ करते."

मास्तर बराच वेळ टेबलावरच्या पुस्तकांची चळत सारखी करत राहिले. "तसा शब्द कधी लागला नाही आम्हाला," ते म्हणाले, आणि तिच्याकडे न बघता उठून तिच्यासाठी दार उघडून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. उशी दबलेली होती. तिला आधी शरम वाटली, धडधाकट बाईने रिकाम्या खुर्चीशी काय भांडायचं. मग शरमही गेली.

"ऊठ," ती म्हणाली. "ऊठ तिथून! खिडक्यांचे गज मी ओढू दिले. सासूचं मी ऐकलं. त्या बाईने माझी कपाटं उचकली, मी हसत उभी राहिले. तू काय केलंस? स्टुलावर बसून लोकर गुंडाळलीस! माझी आहे ती. माझी, माझी! ऐकू येतंय का?" हेच ती त्या भाषेतही ओरडली, घसा फुटेस्तोवर. आणि खुर्चीला तिने अशी लाथ घातली की खुर्ची भिंतीवर जाऊन आडवी झाली.

बटण दारात उभी होती. ती घाबरली नव्हती. तिने येऊन दोन्ही हातांनी खुर्ची सरळ केली, उशी झटकून जागेवर ठेवली, वरून हळूच थोपटली. मग तिने भिंगवालीकडे पाहिलं. रस्त्यात कोणी परकी माणसं भांडत असली की मुलं पाहतात, तसं.

मॅडमची शेवटची भेट रविवारी सकाळी होती. मॅडमचं समाधान झालं की बटण कायमची या दोघांची होणार होती. भिंगवालीने सोफ्याची गादी स्वतः झाडली होती. ती आणि नवरा सोफ्यावर, मॅडम समोर, बटण सतरंजीवर ठोकळे घेऊन, भिंगवालीच्या गुडघ्याला टेकून. ते एवढंसं उबदार डोकं गुडघ्याशी होतं, आणि भिंगवालीला वाटलं, गेली ती म्हातारी. आपण ओरडलो म्हणूनच गेली.

"काय गं बाळा," मॅडम वाकून म्हणाल्या, "तुझी आई कुठंय?"

बटणने ठोकळा खाली ठेवला. वर भिंगवालीकडे पाहिलं.

भिंगवाली पुढे झुकली.

"आई!" बटणने हाक मारली. अगदी स्वच्छ, घरातल्या घरात मारतात तशी. पण हाक मारताना तिचं तोंड स्वयंपाकघराकडे वळलं होतं.

"ओ! आले, आले," आतून आवाज आला.

आवाज भिंगवालीचा होता. कामात असताना कोणी हाक मारली की तिच्या आवाजात येते, ती थोडीशी चीडसुद्धा त्यात होती.

मॅडम स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहून ओळखीचं हसल्या.

भिंगवालीने ओरडायला तोंड उघडलं. ओरडायला लागतो तो राग तिला कुठेच सापडेना.

आत नळ बंद झाल्याचा आवाज आला. हात पुसत कोणीतरी बाहेर येत होतं. नवरा तिच्याकडे झुकला, साहेबांच्या बायकोशी बोलताना करतो तसा चेहरा करून.

"तुम्ही जरा सरकून बसता का?" तो हळूच म्हणाला. "तिला बसायला जागा हवी."

भिंगवाली सरकली.