दारात थांबलेला विल्फ्रेड

पटणार नाही, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

इंग्लंडातल्या नॉरफॉकचा किनारा. नोव्हेंबरातला तो रविवार... युद्धात गेलेल्यांची नावं चर्चमध्ये मोठ्यानं वाचतात तो. चांगली उजेडाची वेळ.

शेजारच्या हेस्टरबाई माझ्याजवळ बसल्या होत्या. त्यांचं आडनाव लिहायचं अल्डर्सबर्ग, म्हणायचं आर्ब्रा. त्या नावाचं त्यांचं मूळ गाव समुद्रानं केव्हाच गिळलं. थोरला भाऊ विल्फ्रेडही युद्धात बोटीसकट बुडाला.

जुने पाद्री दरवर्षी म्हणायचे, "विल्फ्रेड आर्ब्रा."

आणि मागच्या दाराची कडी वाजायची...

खट्.

आत कुणीच यायचं नाही. फक्त हेस्टरबाईंच्या शेजारचं बाक हलकेच करकरायचं. त्या मागे वळून बघत नसत. नुसत्या हसत. म्हातारीचा वर्षाचा सण तो.

त्या वर्षी पाद्री नवे होते. त्यांनी लिहिलं होतं तसंच वाचलं.

"विल्फ्रेड अल्डर्सबर्ग."

कडी वाजली नाही.

बाहेर खडीवर बूट वाजले... दाराशी आले... थांबले.

परत गेले. पुन्हा आले.

हेस्टरबाईंचे ओठ हलले, मिटले. चारचौघांत पाद्र्याची चूक काढणं आमच्या गावाच्या रीतीत बसत नाही. उलट नंतर चहाच्या वेळी, "छान वाचलंत हो," असंही त्या म्हणाल्या.

घरी येऊन मात्र ढसाढसा रडल्या.

"भिडेपायी मी त्याला दारात ठेवलं गं. पुढच्या वर्षी सांगेन त्यांना."

नाताळाआधीच त्या गेल्या.

मग मीच पाद्र्यांना सांगितलं. भला माणूस, मनापासून शिकला. पण शिकवणारी मी! गावात आता सगळेच आमच्यासारखे उपरे. हेस्टरबाई मला हसायच्या, "तुझा 'र' फार कडक. तो घशातच विरघळायला हवा."

पुढच्या नोव्हेंबरात पाद्री म्हणाले, "विल्फ्रेड आर्ब्रा."

खडीवर बूट आले...

कडी जराशी उचलली गेली...

आणि तशीच खाली बसली. ओळखीच्या आवाजाची वाट बघावी तसं कुणीतरी बराच वेळ दारापलीकडे उभं होतं. मग बूट समुद्राकडे निघून गेले.

मला त्याची भीती नाही वाटत. फार वाईट वाटतं. भांडी घासताना, वाटेनं जाताना मी ते नाव म्हणून बघते.

अजून जमत नाही.